टेन्शनने अल्सर होतो?

इंदूरच्या रामबागेत कुणाला अल्सर, म्हणजे जठरात किंवा आतड्याच्या सुरुवातीला जखम, निघाला की घरचे म्हणतात, “ऑफिसचं टेन्शन, वर सराफ्यातल्या खाऊगल्लीतलं तिखट, दुसरं काय होणार!” हा समज चुकीचा आहे. बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो, नाहीतर वेदनाशामक गोळ्या. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं. २००५ मध्ये सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं.

ताणाने जळजळ, पोटदुखी वाढते, हे मात्र खरं. झोप, फिरणं, मनातलं बोलणं हवंच. पण जिवाणूला अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्सच लागतो. कामाच्या ताणाने डोकं दुखतं म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन ही वेदनाशामक गोळी घेत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.