गुरे नेण्यासाठी अॅल्युमिनियमचा ट्रेलर किंवा हौदा घेताना

अॅल्युमिनियमचा हौदा, म्हणजे पिकअपवर बसवायचा मागचा सांगाडा, बघायला आलेला माणूस आधी बाजूच्या चकचकीत पत्र्यावरून हात फिरवतो, दाराची कडी वाजवून बघतो आणि थेट भावावर येतो. गाय मात्र उभी राहते ती तळावर. म्हणून आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, बघायला सुरुवात तळापासून करा आणि मग वर जा. हे पत्रक गोवा सरकारच्या गुरे खरेदीसाठीच्या कामधेनू योजनेतून किंवा स्वतःच्या पैशाने घाटावरून गाई-म्हशी आणणाऱ्या दूध उत्पादकांसाठी आहे. भाड्याने गुरे नेणाऱ्या पिकअपवाल्यांनाही ते उपयोगी पडेल.

तळ

तळाला चेकर (उठावाची नक्षी असलेला) पत्रा आणि त्यावर रबर मॅट, हा सगळीकडे चालणारा प्रकार. अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे चेकरचा उठाव खुरांखाली लवकर झिजतो. नुसत्या चेकरवर विसंबू नका. ओल्या शेणावर गाय घसरली की मागचे दोन्ही पाय फाकतात, आणि अशी फाकलेली गाय परत नीट उभी राहीलच याची खात्री नसते. ताजी व्यालेली किंवा गाभण असेल तर विचारूच नका.

हौद्यात चढा आणि तळाखालच्या दोन आडव्या चॅनलांच्या (आधाराच्या पट्ट्यांच्या) बरोबर मधोमध टाच आपटा. पत्रा दबून परत वर आला तर चॅनल फार लांब लांब बसवलेत असे समजा. आम्ही ते फुटाफुटावर बसवतो. मग बॅटरी घेऊन गाडीखाली शिरा. वरून सगळेच हौदे छान दिसतात, कारागिराचा हात खालून कळतो. आर्गॉन वेल्डिंगची (अॅल्युमिनियम जोडायला लागते ते) शिवण माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी दिसली पाहिजे. मध्येच काजळी, बारीक भोके किंवा अर्धवट सोडलेले टोक दिसले तर ती जागा बोटाने दाखवून विचारा.

मॅट चिकटवून घेऊ नका, कोणी फुकट चिकटवून देतो म्हणाला तरी. मॅटखाली मूत मुरते, तिथे हवा पोहोचत नाही, आणि वर्षभरात त्या जागी पत्र्याला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडू लागतात. मॅटचे तुकडे दोन माणसांना उचलता येतील एवढेच असावेत. आठवड्यातून एकदा ते बाहेर काढून उन्हात टाका. तळाला मागच्या बाजूला किंचित उतार आणि बूच असलेली नळी हवी. मूत रस्त्यावर सांडत गेले तर मागचा मोटारसायकलवाला शिव्या घालणारच.

ट्रेलर की गाडीवरचा हौदा?

आम्ही दोन्ही करतो, तरी गोव्यात बहुतेकांना आम्ही गाडीवरचा हौदाच सुचवतो. चोर्ला किंवा अनमोडच्या वळणांवर मागे ट्रेलर ओढणे ही एक गोष्ट, आणि कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) अरुंद पायवाटेवरून तो उलटा घेणे ही दुसरी. दुसरी जास्त कठीण. शिवाय ट्रेलरला स्वतःची नोंदणी, ब्रेक, दिवे आणि विमा लागतो, आणि ओढणारी गाडी तेवढे ओझे ओढण्यास कागदोपत्री पात्र असावी लागते. आधी ट्रेलर करून घेऊन मग आरटीओत जाणाऱ्यांचे हाल आम्ही पाहिले आहेत. आधी आरटीओ, मग ऑर्डर.

ट्रेलरचा एक मोठा फायदा आहे: त्याचा तळ बुटका असतो आणि गाय सहज चढते. गावातल्या गावात, पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत किंवा एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यायचे असेल तर तो सोयीचा. ट्रेलरच घेणार असाल तर भरल्यावर साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा. भार मागे गेला की ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डुलू लागतो. गुरे आत सरकतात, म्हणून मधला आडवा दरवाजा नसलेला ट्रेलर घेऊच नका.

वजनाचा हिशेब

‘लोखंडाच्या एक तृतीयांश वजन’ असे विक्रेते सांगतात. ते धातूपुरते खरे, हौद्यापुरते नाही. अॅल्युमिनियमची घनता २.७, लोखंडाची ७.८५. पण अॅल्युमिनियम लोखंडाच्या तुलनेत साधारण तिप्पट वाकते, म्हणून तेवढाच ताठपणा आणायला पत्रा जाड घ्यावा लागतो. हिशेब करून बघितला तर वजन निम्म्याच्या आसपास येते, तिसऱ्या हिश्शावर नाही. निम्मेही काही कमी नाही. पण कोणी तिसरा हिस्सा म्हणाला तर एकतर पत्रा पातळ आहे किंवा बोलणे जास्त आहे. वजनकाट्याची पावती मागा.

वाचलेल्या वजनात आणखी एक गाय बसवू, असे कोणी म्हणेल. बसणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार १ जानेवारी २०१६ पासून गाय किंवा म्हशीला माणशी नव्हे, जनावरी २ चौरस मीटर जागा आणि प्रत्येकीसाठी कायमचे वेगळे कप्पे लागतात. २ चौरस मीटर म्हणजे साडेएकवीस चौरस फूट. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात दोन गाई, तिसरी नाही. तीन हव्या असतील तर त्याच रुंदीला बारा फूट लांबी लागते. हलकेपणाचा खरा फायदा घाट उतरताना ब्रेकला, स्प्रिंगच्या पाट्यांना आणि डिझेलला होतो.

रॅम्प आणि दार

गुरे चढण्याचा उतार वीस अंशांपेक्षा जास्त नको. पिकअपचा तळ जमिनीपासून अडीच फूट असेल तर त्यासाठी रॅम्प साधारण साडेसात फूट लागतो. दीड फुटांच्या ट्रेलरला साडेचार फूट पुरतो. मागचा फाळकाच रॅम्प म्हणून वापरायचा तर तो एवढा लांब नसतो, म्हणून आम्ही दोन घड्यांचा करतो. रॅम्पवरच्या आडव्या पट्ट्यांमध्ये आठ इंचांचे अंतर ठेवतो, गाईचे पाऊल त्यात नीट बसते.

यापेक्षा स्वस्त उपाय हवा असेल तर गोठ्याजवळ गाडीच्या तळाइतक्या उंचीचा चिऱ्यांचा ओटा बांधा, मागून मातीचा सावकाश चढ द्या. गवंड्याचे थोडेसेच काम असते. गाय ओट्यावरून सरळ चालत हौद्यात शिरते आणि ओढाताण वाचते. भाड्याने गुरे नेणाऱ्याला हे शक्य नसते, त्याने रॅम्पवर पैसे खर्चावेत.

गुरे चकाकीला आणि आवाजाला बुजतात. नव्या अॅल्युमिनियमवर ऊन पडले की गाय रॅम्पच्या तोंडाशीच थबकते, आणि मग लोक तिची शेपटी पिरगाळतात. रॅम्पवर काळी मॅट टाका. हौद्यात आतून अंधार नको. उजेडाकडे गाय आपणहून जाते. दाराच्या चौकटीला आणि मधल्या कप्प्यांना रबर लावलेले नसेल तर रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला धातूवर धातू आपटतो. दार हौद्याच्या पूर्ण रुंदीचे घ्या, अरुंद दारात गाईच्या कंबरेची हाडे घासतात.

हवा आणि ऊन

बाजू खालून तीन-साडेतीन फूट बंद असाव्यात, म्हणजे पाय बाहेर येणार नाही. त्यावर नाकाच्या उंचीला आणि छताखाली फटी असाव्यात. आपल्या दमट हवेत संकरित होल्स्टिन-जर्सी गाई लगेच धापा टाकतात, आणि गाडी चालू असताना मिळणारा वारा थांबल्यावर बंद होतो. चेकपोस्टवर दुपारी बारा वाजता उभी असलेली गाडी म्हणजे भट्टी. कोऱ्या अॅल्युमिनियमचे छत उन्हात चांगलेच तापते. वरून पांढरा रंग दिला की बराच फरक पडतो. गिऱ्हाइके रंगाचे पैसे वाचवतात, आम्हाला ते पटत नाही. पावसाळ्यासाठी बाजूच्या फटींवर गुंडाळता येणारी ताडपत्री घ्या, पण छताखालची फट उघडीच ठेवा.

आपली श्वेता कपिला (गोव्याची स्थानिक गाय) अंगाने लहान आणि घाटावरून आणलेली मुऱ्हा म्हैस धिप्पाड. छातीसमोरचा दांडा वर-खाली करता येईल असा मागून घ्या.

गंज, खारा वारा आणि दुरुस्ती

अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, हे खरे. पण ते लोखंडाला थेट टेकले, वर खारा वारा आणि पावसाचे पाणी आले, की दोन धातूंच्या जोडावर पांढरी भुकटी दिसू लागते आणि अॅल्युमिनियम आतून खाल्ले जाऊ लागते. काणकोण, मुरगाव, बार्देशच्या किनारपट्टीत हे लवकर होते. चॅसीला हौदा टेकतो तिथे नायलॉन किंवा रबराची पट्टी आणि स्टेनलेसचे बोल्ट आहेत का, ते हाताने चाचपून बघा. साधे लोखंडी बोल्ट असतील तर परत पाठवा.

धातूचा नंबर विचारा. पत्रा ५०५२ किंवा ५०८३, सांगाडा ६०६१ असेल तर चांगले. खिडक्या-दारे करणाऱ्यांकडची सेक्शन (चौकटीची पट्टी) सहसा ६०६३ असते. खिडकीसाठी ती उत्तम, पण पाचशे किलोची म्हैस अंगाने रेलते त्या जागी नको. आणखी एक: ६०६१ वेल्डिंगच्या शेजारी बरेच बळ गमावते, म्हणून सांगाड्याच्या मुख्य जोडांवर वेल्डिंगसोबत कोपऱ्याला जादा पट्टी किंवा बोल्ट हवेत.

वाळपईपासून केपेपर्यंत साधा वेल्डर गावोगाव सापडतो, आर्गॉनवाला नाही. त्यामुळे ज्यांना मार बसतो ते भाग, म्हणजे दाराचे दांडे, बिजागऱ्या, कड्या, बोल्टने बसवलेले घ्या. तुटले तर तिथल्या तिथे बदलता येतात.

धुणे

२००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणे गुरे नेण्याआधी आणि नंतर गाडी धुऊन निर्जंतुक करावी लागते. लंपीच्या साथीनंतर हे सगळ्यांना पटले आहे. मात्र लाळ्या-खुरकुतासाठी वापरतात तो धुण्याच्या सोड्याचा ४ टक्क्यांचा द्राव अॅल्युमिनियमला खातो, ब्लीचिंगही तसेच. पशुवैद्याला सायट्रिक आम्लाच्या द्रावाबद्दल विचारा. सोडाच वापरावा लागला तर त्यांनी सांगितलेली वेळ होताच भरपूर पाण्याने धुवा. आधी शेण खरवडून काढा, पण लोखंडी ब्रशने नको.

कागदपत्रे

१९७८ च्या जनावर वाहतूक नियमांनुसार प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला, प्रथमोपचाराची पेटी आणि गाडीत गुरांकडे बघणारा एक माणूस लागतो. एका गाडीत सहापेक्षा जास्त गुरे नाहीत, सोबत दुसरा माल नाही, आणि शक्यतो तोंड इंजिनाकडे. गुरे नेण्यासाठी बदल केलेल्या गाडीला आरटीओचा खास परवाना लागतो. हौदा बदलला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीत (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात) नोंद करून घ्या. कानातला बिल्ला आणि लसीकरणाची नोंद सोबत असू द्या, सीमेवर विचारतात.

कोणी घेऊ नये

वर्षातून दोन-चारदाच गुरे हलवत असाल तर अॅल्युमिनियमचे पैसे वसूल होणार नाहीत. गॅल्व्हनाइज्ड लोखंडी हौदा घ्या किंवा सरळ भाड्याची गाडी करा. दर आठवड्याला घाट चढणाऱ्याला आणि समुद्राजवळ गाडी ठेवणाऱ्याला अॅल्युमिनियम परवडते. मोडीतही त्याला लोखंडापेक्षा चांगला भाव येतो.

भाव विचारायला येताना आरसीची झेरॉक्स, तुमच्या गुरांची जात आणि अंदाजे वजन, गोठ्याच्या वाटेची सगळ्यात अरुंद जागा किती फूट आहे ते मोजून, आणि ओटा आहे की नाही एवढे घेऊन या. शक्य असेल तर गाडीच आणा, तळाची उंची आम्ही मोजून घेतो. पावसाळ्यासाठी हौदा हवा असेल तर होळीच्या सुमारास सांगा. मे महिन्यात सगळ्यांना एकदमच घाई असते.