मुक्त प्रवेश प्रकाशन

संशोधनपर लेखन महाजालावर कोणत्याही वाचकास विनामूल्य आणि प्रताधिकाराच्या बहुतेक बंधनांविना उपलब्ध करून देणारी प्रकाशनपद्धती. व्यवहारात ‘ओपन ॲक्सेस’ हेच नाव अधिक रूढ आहे. ग्रंथालयशास्त्राच्या जुन्या लेखनात हेच नाव कपाटे वाचकांना खुली ठेवण्याच्या पद्धतीसाठी येते. त्या पद्धतीचा येथे विचार केलेला नाही.

या पद्धतीच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रातील पूर्वमुद्रितांसाठी (तज्ज्ञ-परीक्षण व प्रकाशन यांपूर्वीच्या लेखांसाठी) उभारलेली आणि पुढे ‘आर्काइव्ह’ (arXiv) या नावाने प्रसिद्ध झालेली यंत्रणा हा आरंभ होय. दुसरे मत स्टीव्हन हार्नाड यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या सूचनेला महत्त्व देते. संशोधकांनी आपले लेख स्वतःच महाजालावर ठेवावेत, असे तिचे सार होते. तिसरे मत फेब्रुवारी २००२ मधील बुडापेस्ट जाहीरनाम्यापासून गणना करते, कारण नेमकी व्याख्या प्रथम तेथे आढळते. त्यापाठोपाठ २००३ मध्ये बेथेस्डा आणि बर्लिन येथील निवेदने आली. भौतिकशास्त्रज्ञ १९९१ पूर्वी अनेक वर्षे लेखांच्या कच्च्या प्रती टपालाने एकमेकांच्या संस्थांना पाठवीत असत, हे लक्षात घेता गिन्स्पार्ग यांची यंत्रणा ही चालत आलेल्या प्रथेचे यांत्रिकीकरण ठरते. वाचनाची मुभा आणि पुनर्वापराचा हक्क या दोन गोष्टींपैकी दुसरी मात्र बुडापेस्टपूर्वी स्पष्टपणे मांडलेली दिसत नाही. त्यामुळे एकच आरंभबिंदू न मानता प्रथेची आणि तत्त्वाची तारीख वेगवेगळी देणे अधिक सयुक्तिक वाटते.

बडोद्याच्या संदर्भात या उगमचर्चेला आणखी एक पदर जोडता येतो. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून मध्यवर्ती ग्रंथालय आणि त्याच्याशी जोडलेले विनामूल्य सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. खेड्यापाड्यांत पेट्यांतून जाणारी फिरती ग्रंथालये त्याच योजनेचा भाग होती. येथील ग्रंथालयातून १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतील मजकुराचे ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिकही निघू लागले. या व्यवस्थेला मुक्त प्रवेशाची पूर्वसूरी म्हणण्याचा मोह होतो, परंतु साम्य हेतूपुरते आहे. बडोदे संस्थानात वाचकाऐवजी राजकोश खर्च करीत असे आणि पुस्तकाचा प्रकाशक आपली किंमत वसूल करीतच असे. मुक्त प्रवेशात प्रकाशकाच्या वसुलीचीच जागा बदलते. अधिक जवळचे उदाहरण गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे आहे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने १९१६ च्या सुमारास सुरू झालेल्या या मालेत संस्थानाच्या खर्चाने दुर्मीळ हस्तलिखितांच्या संपादित आवृत्त्या निघाल्या. लेखकाकडूनही शुल्क नाही आणि वाचकाकडूनही नाही, अशा आजच्या ‘हीरक’ (डायमंड) प्रकाराशी तिची तुलना काही अंशी होऊ शकते. अर्थात ग्रंथ विकत घ्यावे लागत, हा फरक उरतोच.

प्रकाशनाचे प्रकार सर्वज्ञात असल्याने येथे थोडक्यात नोंदविले आहेत. लेखकाने आपला लेख संस्थेच्या किंवा विषयाच्या भांडारात, म्हणजे महाजालावरील संग्रहात, ठेवणे हा ‘हरित’ मार्ग, तर नियतकालिकानेच तो खुला करणे हा ‘सुवर्ण’ मार्ग. वर्गणीच्या नियतकालिकातील निवडक लेख शुल्क घेऊन खुले केल्यास त्यास संकरित म्हणतात.

सुवर्ण मार्गातील लेख-प्रक्रिया शुल्क, म्हणजे लेख खुला करण्यासाठी लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून घेतली जाणारी रक्कम, हा वादाचा केंद्रबिंदू आहे. ‘प्लॉस बायॉलॉजी’ या मुक्त प्रवेश नियतकालिकाने २००३ मध्ये प्रत्येक लेखासाठी १,५०० डॉलर आकारले होते. ‘नेचर’ने २०२१ पासून लागू केलेले शुल्क ९,५०० युरो होते, म्हणजे त्या वेळच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक. भारतात कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. म्हणजे ही रक्कम एका संशोधक विद्यार्थ्याच्या दीड वर्षाहून अधिक काळच्या शिष्यवृत्तीइतकी होते. शुल्कमाफीची तरतूद बहुतेक प्रकाशक करतात, परंतु ती प्रामुख्याने देशाच्या उत्पन्नगटावर ठरते आणि भारतीय लेखक पुष्कळदा तिच्या कक्षेबाहेर राहतात. ज्याला पूर्वी वाचता येत नसे त्याला आता वाचता येते, पण लिहिता येत नाही, ही टीका यातूनच आली असून ती निराधार म्हणता येत नाही. लॅटिन अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमधून सुरू झालेल्या ‘सायलो’ या मंचाने सार्वजनिक निधीवर चालणारा निराळा मार्ग दाखविला आहे.

शुल्क हेच उत्पन्न ठरल्यावर लेख स्वीकारण्याची घाई होणे ओघाने आले. ‘सायन्स’ या नियतकालिकातर्फे २०१३ मध्ये जाणीवपूर्वक सदोष लेख ३०४ नियतकालिकांना पाठविण्यात आला, तेव्हा १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यांत भारतातून चालणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय होते. मात्र वर्गणीच्या नियतकालिकांची तशीच परीक्षा घेतली गेली नसल्याने या प्रयोगावरून मुक्त प्रवेशाविरुद्ध निष्कर्ष काढताना सावधगिरी बाळगणे इष्ट. पूर्वमुद्रितांच्या बाबतीत धोका आणि दुरुस्ती दोन्ही जलद घडतात. जानेवारी २०२०च्या अखेरीस कोरोना विषाणूविषयी दिल्लीतील एका गटाने ‘बायोआर्काइव्ह’ या जीवशास्त्रीय पूर्वमुद्रितांच्या भांडारात ठेवलेला लेख जगभरातील जाहीर टीकेनंतर दोन-तीन दिवसांतच मागे घेतला गेला.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमाने पीएच.डी. प्रबंधांची संगणकीय प्रत मागविली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे भांडार त्यातून वाढले. जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागांचे संयुक्त धोरण डिसेंबर २०१४ मध्ये आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस २०२५ ते २०२७ या काळासाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके येतात. ही योजना मुक्त प्रवेशाची गणली जाऊ नये, कारण ती वर्गणी रद्द न करता एकत्रित करते. महाराजा सयाजीराव विद्यापीठासारख्या सार्वजनिक विद्यापीठाच्या अभ्यासकास तिचा लाभ होतो. निवृत्त प्राध्यापक, स्वतंत्र संशोधक आणि मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसणारा सामान्य वाचक तिच्या कक्षेत येत नाहीत.

बडोद्यातील मराठी अभ्यासकांच्या दृष्टीने अडचण शुल्कापेक्षा वर्णनाची आहे. भांडारातील लेख सापडतो तो शीर्षक, लेखक, विषय, स्थळ अशा नोंदींमुळे, आणि निरनिराळ्या भांडारांतील या नोंदी गोळा करण्याची सामायिक रीत २००१ पासून मुक्त संग्रह उपक्रमाच्या (ओपन आर्काइव्ह्ज इनिशिएटिव्ह) प्रणालीने घालून दिली आहे. ही रीत नोंद जशी असेल तशी उचलते. तिच्यातील विसंगती दूर करीत नाही. गायकवाड हे नाव रोमन लिपीत निदान तीन प्रकारे लिहिले जाते. शहर कोठे बडोदे, कोठे बरोडा, कोठे वडोदरा असे नोंदले जाते. मराठी शीर्षके कधी देवनागरीत, कधी रोमन लिप्यंतरात येतात. संस्थानाच्या कारभाराविषयी शोध घेणाऱ्यास त्यामुळे एकाच प्रश्नासाठी अनेक शब्द टंकावे लागतात, आणि तरीही काही प्रबंध निसटतात. युनिकोडपूर्व फाँटांत जुळविलेल्या मजकुराची स्थिती याहून वाईट असते: डोळ्यांना पान वाचता येते, शोधयंत्राला केवळ असंबद्ध अक्षरे दिसतात. मोडी दफ्तरांची छायाचित्रे खुली केली तरी लिप्यंतराशिवाय त्यांत शब्दशोध होत नाही. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे अनेक जुने खंड ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या खुल्या संकेतस्थळावर आहेत, पण ते मुख्यतः इतरत्रच्या ग्रंथालयांतील प्रतींवरून चढविलेले असल्याने एकाच खंडाच्या दोन-तीन, कमीअधिक दर्जाच्या प्रती आढळतात.

दीर्घकालीन जतनाविषयी अभ्यास अजून तुरळक आहेत. २०००–२०१९ या काळात पावणेदोनशेच्या आसपास मुक्त प्रवेश नियतकालिके महाजालावरून पूर्णपणे नाहीशी झाल्याचे एका पाहणीत दिसून आले. त्यांत सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्यांची नियतकालिके अधिक होती आणि अनेकांमागे लहान विद्वत्संस्था होत्या. छापील प्रत नसलेल्या अशा नियतकालिकाचे संकेतस्थळ बंद पडले आणि त्याची प्रत अन्य भांडारात ठेवलेली नसली, तर त्यातील लेखांचे केवळ इतरांनी दिलेले संदर्भ शिल्लक राहतात.