पार्श्वभूमी : मिग पडतात, जबाब कोण देतो?

१७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातल्या सुरतगडहून उड्डाण केलेलं मिग-२१ कोसळलं आणि फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. चूक वैमानिकाचीच, असा ठपका आला. मुंबईत त्यांच्या आई, कविता गाडगीळ, यांनी तो मान्य केला नाही. लढाऊ विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी जाहीरपणे मांडला आणि लावून धरला. हवाई दलातल्या मुलाच्या आईनं सरकारला असं विचारणं तेव्हा सोपं नव्हतं.

प्रश्न मात्र जुनाच होता. मिग-२१ हवाई दलात आलं १९६३ मध्ये; पुढे आपल्याच नाशिकजवळच्या ओझरला त्याची बांधणी झाली. हे विमान उतरतानाही ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगात असतं. तरुण वैमानिक मात्र संथ किरण विमानावर शिकून थेट यावर बसत. मधली पायरीच नव्हती. १९८२ मध्ये ला फॉन्टेन समितीनं प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या म्हणून सांगितलं. १९९७ मध्ये डॉ. कलाम यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती बसली. हॉक या प्रगत जेट प्रशिक्षण विमानांचा करार झाला २००४ मध्ये, पहिली विमानं आली २००७ अखेरीस. पाव शतक! या दिरंगाईचा ठपका कुणाच्याही नावावर नाही. माझ्या मते अपघातांच्या या इतिहासातली सगळ्यात गंभीर बाब हीच आहे.

मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले: घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातग्रस्त, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत. कारणं म्हणून मानवी चुका आणि तांत्रिक बिघाड दोन्ही सांगितली.

कायद्यानं जबाबदारी ठरली ती २०१७ मध्ये. विंग कमांडर संजित सिंग कायला २००५ च्या मिग अपघातातून वाचले, पण शरीर कायमचं अधू झालं. अपघाताच्या मुळाशी बांधणीतला दोष होता. दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांना ५५ लाख रुपये भरपाई दिली, त्यातला मोठा वाटा विमान बांधणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं द्यायचा होता. सैनिक धोका पत्करतो, पण वाजवीपेक्षा जास्त धोका त्याच्यावर लादता येत नाही, सुरक्षित परिस्थितीत काम करणं हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. अपघातांचे चौकशी अहवाल आजही सर्वसामान्यांसाठी खुले नाहीत.