लिबरेटरवरचा रंग आणि त्याखाली गेलेली वीस वर्षे

जगभरात शाबूत उरलेली बी-24 लिबरेटर ही दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी बॉम्बफेकी विमाने थोडीच, आणि त्यांतली बरीचशी भारतातून गेलेली. त्यांचा आजचा रंग पाहून मात्र हे कळत नाही.

महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ही विमाने कानपूरला सोडली. पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केली. त्या भंगारातून निवडलेली विमाने जुजबी डागडुजीवर बंगळूरला उडवत नेली गेली. 1948च्या नोव्हेंबरात त्यांचे पहिले भारतीय स्क्वाड्रन उभे राहिले आणि 1968च्या अखेरपर्यंत ती सेवेत होती. युद्धातले आयुष्य फार तर वर्षा-दोन वर्षांचे, भारतातले वीस.

पुढे ती परदेशी संग्रहालयांकडे गेली आणि प्रश्न आला: रंगवायचे कोणत्या वर्षाचे विमान? अमेरिकेत उत्तर एकच निघाले, युद्धातले. टूसान शहरातल्या संग्रहालयाचे विमान इंग्लंडमधून लढलेल्या ‘बंगे बकरू’ या विमानाचे रूप घेऊन उभे आहे. उडते ठेवलेल्या दुसऱ्या एका विमानाने 1989पासून तीन नावे घेतली: ‘ऑल अमेरिकन’, ‘ड्रॅगन अँड हिज टेल’, ‘विचक्राफ्ट’. तिन्ही खरीखुरी लढलेली विमाने, पण हे त्यांतले एकही नव्हे. ज्या मूळ विमानांतून माणसे लढली आणि मेली ती भंगारात गेली, त्यांची आठवण दुसऱ्या कुणीतरी वाहायला हवी, असा यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. तरीही तपशील बिनचूक असला म्हणून त्या सांगाड्याचा इतिहास बिनचूक होत नाही. तीन नावांना जागा मिळाली, भारतीय हवाई दलाच्या तिरंगी वर्तुळाला एकदाही नाही, हे खटकते.

ब्रिटनमधले विमान स्वतःचाच युद्धकालीन क्रमांक मिरवते. त्याच्यावरच्या ब्रिटिश वर्तुळात लाल रंग नाही, कारण जपानी चिन्हाशी गल्लत होऊ नये म्हणून 1943मध्ये पूर्वेकडच्या विमानांवरून तो काढला होता. ही निवड जास्त प्रामाणिक, पण वर्ष पुन्हा युद्धाचेच. भारतीय चिन्हांतले लिबरेटर पाहायचे तर दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात जावे लागते.

आपणही वेगळे वागलो नाही. 2018मध्ये हिंडनच्या हवाई तळावर दाखल झालेल्या डकोटा या जुन्या वाहतूक विमानावर व्हीपी 905 हा क्रमांक आहे. तो 27 ऑक्टोबर 1947ला श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या दुसऱ्याच डकोटाचा. सन्मान योग्यच आहे. शेजारच्या पाटीवर या विमानाचा स्वतःचा क्रमांकही तितक्याच मोठ्या अक्षरांत हवा. टूसानच्या पाटीवर भारतीय क्रमांक हवा, तसाच.