ज्युनिपर

ज्युनिपर ही थंड प्रदेशात वाढणारी सदाहरित, सूचिपर्णी वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव ज्युनिपेरस कम्युनिस असून ती सायप्रस वृक्षाच्या म्हणजे क्युप्रेसेसी कुलातली आहे. ज्युनिपेरस प्रजातीत ५० ते ७० जाती धरल्या जातात. कोणते प्रकार स्वतंत्र जाती मानायचे यावर वर्गीकरणकारांचे एकमत नाही. मसाला म्हणून, जिन या मद्याच्या मुख्य वासासाठी आणि युरोपीय औषधपरंपरेत जी वाळलेली निळी-काळी फळे वापरतात ती मात्र ज्युनिपेरस कम्युनिस या एकाच जातीची. हे सुरुवातीलाच सांगायला हवे, कारण याच प्रजातीतल्या काही जाती विषारी आहेत आणि ज्युनिपरविषयीचा बराचसा गोंधळ जातींची सरमिसळ केल्यामुळे होतो.

प्रसार आणि रूप

नैसर्गिकरीत्या इतक्या विस्तृत भूभागावर पसरलेली दुसरी काष्ठमय वनस्पती सापडणे कठीण. उत्तर अमेरिका, ग्रीनलंडचा दक्षिण भाग, आइसलंड, संपूर्ण युरोप, उत्तर आफ्रिकेतले डोंगर, हिमालय, सायबेरिया आणि तेथून जपानपर्यंत ती आढळते. आइसलंडमधली ती एकमेव देशी सूचिपर्णी वनस्पती आहे. ब्रिटनमध्ये अशा तीनच, त्यांतली ही एक. हिमयुग ओसरल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर जी झुडपे सर्वांत आधी रुजली त्यांत ज्युनिपर होते. चुनखडीचा उतार, आम्लधर्मी माळ, वाळू, खडकाची फट, काहीही तिला चालते. चालत नाही ती सावली. शेजारी उंच झाडे वाढली की ज्युनिपर आतून वाळत जाते.

समुद्रकाठी आणि उंच पर्वतांवर, वाऱ्याच्या माऱ्यात, ती जमिनीला चिकटून पसरते. आसऱ्याच्या जागी सरळ उभी वाढून लहान झाड होते. बहुतेक ठिकाणी उंची माणसाच्या आसपास राहते, क्वचित १० मीटर किंवा त्याहून जास्त. पाने सुईसारखी आणि टोकदार, तीन-तीनच्या मंडलांत लागलेली. पान उलटसुलट करून पाहिले तर आतल्या बाजूला एकच रुंद पांढरा पट्टा दिसतो. हा त्वग्रंध्रांचा, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म श्वसनछिद्रांचा, पट्टा ओळखीसाठी उपयोगी पडतो. पाने आयुष्यभर सुईसारखीच राहतात. प्रजातीतल्या अनेक जातींत पुढे खवल्यांसारखी पाने येतात, तशी हिच्यात येत नाहीत.

फळ

ज्याला सगळे फळ म्हणतात तो वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने शंकू आहे. पाइनच्या शंकूचे खवले कोरडे आणि लाकडी असतात. ज्युनिपरच्या शंकूचे खवले गरदार होऊन एकमेकांत मिसळतात आणि गोल गोळी तयार होते. पिकलेली गोळी हातात घेऊन टोकाकडून पाहिली की तीन रेषांची चांदणी दिसते. तीन खवले जिथे जुळले ती ही शिवण. आत बहुधा तीन टणक, कोनदार बिया असतात आणि बियांच्या पाठीवर राळेच्या बारीक पिशव्या. गोळीचा व्यास जेमतेम ४ ते १२ मिलिमीटर. वरचा करडा-निळा थर मेणाचा असतो. बोटाने पुसला की खालची काळपट जांभळी साल उघडी पडते.

नर आणि मादी झुडपे वेगवेगळी असतात. वसंतात नर झुडपावरून परागाची पिवळी धूळ वाऱ्याबरोबर उडते. परागण झाले तरी फळ त्या वर्षी तयार होत नाही. पहिले वर्ष ते हिरवे आणि कडक राहते, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, कधी तिसऱ्या वर्षी, निळे होते. त्यामुळे एकाच फांदीवर या वर्षीची आणि मागच्या वर्षीची फळे शेजारी-शेजारी असतात. कस्तूर कुळातले पक्षी हिवाळ्यात पिकलेली फळे खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. बी रुजायलाही घाई करत नाही. अनेकदा त्याला दोन हिवाळे जावे लागतात.

या संथपणाचा परिणाम तोडणीवर होतो. बाजारात येणारी बहुतेक फळे आजही लागवडीतली नसून रानातली आहेत. इटलीतले आणि बाल्कन देशांतले डोंगर, उदाहरणार्थ उत्तर मॅसिडोनिया आणि अल्बानिया, यांसाठी प्रसिद्ध आहेत. तोडणारा काट्यांतून हात घालत बसत नाही. तो झुडपाखाली रुंद टोपली किंवा चाळण धरतो आणि फांदीवर काठीने हलकेच मारतो. पिकलेली फळे देठातून सुटून खाली पडतात, हिरवी फांदीलाच राहतात. काठी जोरात मारली तर पुढच्या वर्षीचे पीकही खाली येते, म्हणून यात जोरापेक्षा अंदाज महत्त्वाचा. मग पाने-काटक्या पाखडून फळे सावलीत पसरून वाळवतात. उन्हात किंवा भट्टीजवळ वाळवली तर तेल उडून जाते.

स्वयंपाकातील वापर

वाळलेले फळ दाताखाली फोडले की आधी राळेचा, पाइनच्या रानाचा वास येतो, पाठोपाठ गोडवा जाणवतो आणि शेवटी कडवट-तिखट चव मागे राहते. गोडव्याचे कारण साखर. ती वाळलेल्या फळाच्या वजनाच्या २० ते ३० टक्के असू शकते. वास बाष्पनशील तेलाचा. त्यात अल्फा-पायनीन प्रमुख, जोडीला मिर्सीन, सॅबिनीन, लिमोनीन आणि टर्पिनेन-४-ऑल. या घटकांचे प्रमाण प्रदेशानुसार आणि पिकण्याच्या अवस्थेनुसार बदलते, म्हणून दोन डोंगरांवरची फळे सारखी लागत नाहीत.

सूचिपर्णी वनस्पतींमधून मसाला म्हणून रुळलेले असे उदाहरण जवळजवळ हे एकटेच. मध्य आणि उत्तर युरोपात हरीण, रानडुक्कर, रानपक्षी यांच्या मांसाबरोबर ते घालतात, कारण उग्र वासाच्या आणि चरबीच्या पदार्थांना त्याचा कडवटपणा उठाव देतो. आंबवलेल्या कोबीत, म्हणजे जर्मनी आणि फ्रान्सच्या अल्झास भागातल्या साउअरक्राउटमध्ये, ते हमखास असते. जर्मनीतल्या वेस्टफालियात हॅम धुरवताना बीचच्या लाकडाबरोबर ज्युनिपरच्या फांद्याही जाळतात. वापरायची रीत सोपी आहे: फळे आयत्या वेळी खलबत्त्यात किंवा सुरीच्या पात्याखाली ठेचायची. अख्खी टाकली तर साल वास सोडत नाही, आणि पूड करून ठेवली तर तो लवकर उडतो. चार माणसांच्या पदार्थाला पाच-सहा फळे पुरतात. जास्त झाली की बाकी सगळ्या चवी मागे पडतात आणि फक्त राळ उरते.

या फळाचा मिरीशी जुना संबंध आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की महाग मिरीत ज्युनिपरच्या फळांची भेसळ करतात, कारण मिरीच्या सहवासात ती तिचा तिखटपणा उचलतात.

पेये

फळांचा मोठा वाटा जिनसाठी जातो. युरोपीय संघाच्या नियमानुसार जिनमध्ये ज्युनिपेरस कम्युनिसचा स्वाद प्रामुख्याने जाणवला पाहिजे आणि मद्यार्क किमान ३७.५ टक्के हवा. तटस्थ मद्यार्कात फळे भिजवून त्याचे पुन्हा ऊर्ध्वपातन करतात, किंवा फळांची टोपली भांड्याच्या वरच्या भागात टांगून तिच्यातून वाफ जाऊ देतात. दुसऱ्या पद्धतीत वास अधिक नाजूक उतरतो. जिनची पूर्वज जेनेव्हर ही नेदरलँड्स आणि बेल्जियमची. तिचा शोध लायडन विद्यापीठातले वैद्य फ्रान्सिस्कस सिल्व्हियस यांनी लावला असे अनेक ठिकाणी छापलेले दिसते. ते खरे मानता येत नाही. सिल्व्हियस यांचा जन्म १६१४ चा, आणि ज्युनिपर घातलेल्या मद्यांचे उल्लेख त्याआधीचे आहेत. अठराव्या शतकात लंडनमध्ये स्वस्त जिनचा कहर इतका वाढला की ब्रिटिश संसदेला १७३६ आणि १७५१ मध्ये त्यासाठी खास कायदे करावे लागले.

स्लोव्हाकियातली बोरोविच्का आणि सर्बियातली क्लेकोवाचा ही याच फळाची मद्ये. बोस्नियातले स्म्रेका मात्र मद्य नव्हे. फळे पाण्यात ठेवून काही आठवडे हळूहळू आंबू दिली की ते आंबट-गोड पेय तयार होते. फिनलंडमध्ये साहती ही घरगुती बिअर ज्युनिपरच्या डहाळ्या अंथरलेल्या लाकडी डोणीतून गाळतात. नॉर्वेत डहाळ्या उकळलेल्या पाण्यात बिअर करत आणि त्याच पाण्याने दुधाची लाकडी भांडी धूत. जंतू म्हणजे काय हे ठाऊक नसतानाही भांडे नासत नाही हे लोकांनी अनुभवाने ओळखले होते. ज्युनिपरच्या तेलाला जंतुरोधक गुण असल्याचे पुढे प्रयोगशाळेतही दिसून आले.

औषधी उपयोग

युरोपात हे फळ दोन कामांसाठी वापरले गेले: लघवी साफ व्हावी म्हणून आणि पोटातला वायू सरून अन्न पचावे म्हणून. आजही युरोपीय औषध संस्थेने त्याला याच दोन गोष्टींसाठी मान्यता दिली आहे, तीही 'पारंपरिक वापर' या सदरात. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. दीर्घ वापराचा दाखला आहे आणि सांगितलेल्या प्रमाणात ते घातक ठरलेले नाही, एवढेच ही मान्यता सांगते; माणसांवरच्या चाचण्यांनी गुण सिद्ध झाला आहे असे ती म्हणत नाही. वनौषधी तपासणाऱ्या जर्मनीच्या 'आयोग-ई'ने अपचनासाठी दिवसाला २ ते १० ग्रॅम वाळलेली फळे हे प्रमाण दिले होते. युरोपीय औषधसंहितेनुसार औषधी प्रतीच्या एक किलो फळांतून निदान १० मिलिलिटर तेल निघाले पाहिजे.

बव्हेरियातले धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) यांनी अशक्त पोटासाठी एक उपचार रूढ केला: पहिल्या दिवशी चार फळे चावून खायची, रोज एक वाढवत बाराव्या दिवशी पंधरापर्यंत जायचे, मग रोज एक कमी करत उतरायचे. तो आजही काही जण करतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. गरोदरपणी आणि स्तनपानाच्या काळात ज्युनिपरचे औषध टाळावे, निरोगी माणसानेही ते आठवडेच्या आठवडे घेत राहू नये, आणि शुद्ध तेल पोटात घेण्याचा प्रयोग तर घरी मुळीच करू नये.

आयुर्वेदात ज्युनिपर 'हपुषा' या नावाने येते. हिंदी बाजारात त्याला हाऊबेर म्हणतात, युनानीत अभल. हपुषा उष्ण, तिखट-कडू आणि अग्निदीपक मानली आहे. गुल्म (पोटातली गाठ), उदर (पोट फुगण्याचा विकार), मूळव्याध, संग्रहणी, शूल यांवर ती सांगितली जाते, आणि चरकसंहितेच्या गुल्मचिकित्सेत हपुषा घालून सिद्ध केलेल्या तुपाचा पाठ आहे. येथे एक अडचण उरते. भावप्रकाश या आयुर्वेदातल्या ग्रंथात दिलेल्या पर्यायनामांत तिला मत्स्यगंधा, म्हणजे माशाच्या वासाची, म्हटले आहे आणि फळ पिंपळाच्या फळासारखे सांगितले आहे. ज्युनिपरच्या फळाला माशाचा वास येत नाही. ग्रंथातली हपुषा आणि आज त्या नावाने मिळणारे फळ एकच आहे हे म्हणूनच गृहीत धरू नये.

धूर

युरोपात प्लेगच्या साथींत हवा शुद्ध करण्यासाठी घरांत आणि रस्त्यांवर ज्युनिपर जाळत. रोग दूषित हवेतून पसरतो अशी तेव्हाची समजूत होती, त्यामुळे उग्र सुगंधी धूर हा सरळ उपाय वाटे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात नववर्षाच्या सकाळी घर आणि गोठा ज्युनिपरच्या धुराने भरून टाकायची प्रथा होती. हिमालयात आणि तिबेटात या प्रजातीच्या इतर जातींचा धूप होतो. लडाखमधल्या शुक्पा या ज्युनिपरच्या डहाळ्या मठांत आणि घरांत जाळतात आणि त्याची जुनी झाडे पवित्र मानतात. गिलगिट-हुंझा भागातले 'बितान' नावाचे देवऋषी हा धूर छातीत भरून घेऊन अंगात आल्यावर भविष्य सांगतात.

विषारी नातेवाईक

ज्युनिपेरस सबायना, म्हणजे सविन, ही मध्य व दक्षिण युरोपापासून आशियापर्यंत आढळणारी बुटकी जात अत्यंत विषारी आहे. तिच्या तेलातले सॅबिनिल ॲसिटेट गर्भाशयावर परिणाम करते. गर्भपातासाठी ती शतकानुशतके वापरली गेली आणि त्यात अनेक स्त्रियांचे जीव गेले. तिची फांदी चुरगाळली की अप्रिय, उग्र दर्प येतो आणि मोठ्या झुडपावर पाने बहुतांश खवल्यांसारखी असतात. बागेत शोभेसाठी लावलेल्या ज्युनिपरची फळे तोडून स्वयंपाकात टाकू नयेत ती याचसाठी. अशा झुडपांत सविन आणि तिचे संकर सर्रास असतात.

इतर जातींपैकी अमेरिकेतल्या ज्युनिपेरस व्हर्जिनियानाचे लालसर, सुवासिक लाकूड एकेकाळी पेन्सिलींसाठी सर्वांत चांगले मानत. भूमध्य प्रदेशातल्या ज्युनिपेरस ऑक्सिसेड्रसच्या लाकडापासून केड तेल निघते. ते त्वचारोगांवर बाहेरून लावत. पूर्व आफ्रिकेतली ज्युनिपेरस प्रोसेरा ही विषुववृत्ताच्या दक्षिणेला नैसर्गिकरीत्या पोहोचलेली एकमेव जात. पाकिस्तानात बलुचिस्तानमधल्या झियारतचे प्राचीन ज्युनिपर वन २०१३ पासून युनेस्कोच्या जैवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत आहे.

संवर्धन

संपूर्ण जगाचा विचार केला तर ज्युनिपेरस कम्युनिसला धोका नाही, पण पश्चिम युरोपातल्या सखल भागांतून ती झपाट्याने हटते आहे. चराई फार झाली तर मेंढ्या आणि ससे कोवळी रोपे खाऊन टाकतात. चराई पूर्ण थांबली तर गवत आणि झाडे वाढून रोपांना ऊन मिळत नाही. उत्तर जर्मनीतल्या ल्यूनेबुर्ग माळावर हाइडश्नुके जातीच्या मेंढ्या फिरवून माळ मोकळा राखला जातो, आणि तिथले ज्युनिपरचे उभे ठोंब त्यामुळेच टिकून आहेत. ब्रिटनमध्ये २०११ च्या सुमारास फायटोफ्थोरा ऑस्ट्रोसेड्री हा मुळे कुजवणारा सूक्ष्मजीव आढळल्यापासून काळजी वाढली आहे. तो ओल्या माती-पाण्यातून पसरत असल्याने रोपवाटिकेतली रोपे रानात नेऊन लावणेही जोखमीचे झाले. जिथे मोजकीच म्हातारी झुडपे उरली आहेत तिथे नर आणि मादी एकमेकांच्या परागाच्या टप्प्यात नसतात, बिया बऱ्याचदा पोकळ निघतात आणि झुडूप हिरवेगार दिसत असले तरी त्याच्या खाली एकही रोप उगवत नाही.