युरोपचा कंटेनर आफ्रिकेला वळसा का घालतो?

(द्राक्ष निर्यात करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

हंगाम लागला की आमच्या ओझरच्या ऑफिसात एकच तक्रार असते, "न्हावा शेवाहून रॉटरडॅमला तीन-साडेतीन आठवडे लागायचे, आता महिना उलटतो. वर भाडंही जास्त!" भाडं आमच्या हातात नाही, पण ते का वाढतं ते सांगणं आमचं काम आहे.

येमेनजवळ बाब-अल-मंदेब नावाची सामुद्रधुनी आहे, जेमतेम ३० किलोमीटर रुंद. युरोपची जवळची वाट असलेल्या सुएझ कालव्याला जायचं तर इथूनच. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध पेटलं आणि इराणचं पाठबळ असलेले येमेनमधले हौथी बंडखोर त्यात उतरले. नोव्हेंबरात त्यांनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलक्सी लीडर' जहाज ताब्यात घेतलं. आधी निशाण्यावर होती ती इस्रायलशी संबंध असलेली जहाजं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर हल्ले केले, तशी त्यांचीही जहाजं यादीत आली. म्हणजे द्राक्षं निफाडची, घेणारा डच, आणि वाट ठरणार जहाजाचा मालक कोणाच्या गोटातला यावर! अमेरिकेने आणि युरोपीय संघाने पहाऱ्याला युद्धनौका धाडल्या, तरी बड्या शिपिंग लाइन्सनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केप ऑफ गुड होपचाच रस्ता धरला.

सुएझला हे नवं नाही. १९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालवा ताब्यात घेतला, तेव्हा ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल मिळून चालून गेले. इजिप्तने जहाजं बुडवून कालवाच बुजवला. दोस्त अमेरिका पाठीशी उभी राहिली नाही, तेव्हा तिघांनाही माघार घ्यावी लागली. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तर कालवा १९७५ पर्यंत बंद होता. मधल्या तळ्यात अडकलेली जहाजं आठ वर्षं वाळवंटाची धूळ खात उभी होती.

आता तुमच्या मालाचं. केपमार्गे साधारण १० ते १४ दिवस जास्त लागतात. रिफरमध्ये (थंड कंटेनरमध्ये) तापमान शून्याच्या आसपास राहिलं तरी देठ तपकिरी पडतो, मणी गळतात, आणि तिकडचा खरेदीदार पनेट (द्राक्षांचा छोटा डबा) उघडून आधी देठच बघतो. म्हणून लांबच्या फेरीला कडक मण्याचा, हिरव्या देठाचा घडच घ्या. खुडा सकाळी उरका आणि प्री-कूलिंगला (माल भरण्याआधी थंड करायला) उशीर करू नका.

विम्याबद्दल मात्र नीट वाचा, इथेच लोक फसतात. नेहमीच्या सागरी पॉलिसीत युद्धाची जोखीम धरलेली नसते, ती वेगळी घ्यावी लागते. तीही माल जहाजावर असेपर्यंतच, गोदामात किंवा ट्रकवर नाही. आणि जहाज वळसा घालून गेलं, उशीर झाला म्हणून माल खराब झाला, तर उशिरापायी झालेलं नुकसान पॉलिसी सहसा देत नाही. कन्साइनमेंटवर (तिकडे विकला गेल्यावर पैसे, या बोलीवर) पाठवलेला माल असेल तर तो फटका थेट तुमच्यावर.

म्हणून बुकिंगच्या दिवशीच आमच्याकडून दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या: जहाज सुएझने जाणार की केपने, आणि वॉर रिस्क सरचार्ज (युद्धाच्या जोखमीचा जादा आकार) भाड्यात धरलाय की वेगळा लागणार. फोनवर सांगितलेलं धरू नका, आम्ही सांगितलेलं असलं तरी.