सीपीआर प्रतिसाद उपकरण

सीपीआर प्रतिसाद उपकरण : हृदयक्रिया अचानक बंद पडलेल्या रुग्णाला वाचवण्यासाठी त्याची छाती दाबली जात असताना (हा उपचार म्हणजे सीपीआर) दाबाची खोली व गती मोजून ती दाबणाऱ्याला तिथल्या तिथे दाखवणारे किंवा ऐकवणारे साधन.

प्रौढ व्यक्तीची छाती दर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल दाबावी आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यावी, असा नियम आहे. पाठ करायला सोपा, पाळायला अवघड. एक-दोन मिनिटांतच दाब उथळ होऊ लागतो, आणि दाबणाऱ्याला मात्र आपण दमलो आहोत हे उशिरा कळते. दमलेला माणूस छातीवर रेलतो. मग छाती पूर्ण फुगत नाही आणि हृदयात परतणारे रक्त कमी होते.

ही उणीव आकड्यांत दिसली ती २००५ साली. स्टॉकहोम, लंडन आणि नॉर्वेतील आकर्सहूस येथील रुग्णवाहिकांवर संवेदक जोडलेले डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारी यंत्रे) देऊन १७६ रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. रक्ताभिसरण थांबलेले असतानाच्या जवळजवळ निम्म्या वेळात (४८ टक्के) छाती दाबलीच जात नव्हती. दाबांची सरासरी खोली ३४ मिमी होती. दाबणारे नवखे नव्हते, प्रशिक्षित कर्मचारी होते. चुका मोजणारे तेच तंत्र पुढे चुका सुधारायला वापरले गेले.

बहुतेक उपकरणांत उरोस्थीवर (छातीच्या मधल्या हाडावर) ठेवायची एक चकती असते. तिच्यातील प्रवेगमापकाच्या (वेगातील बदल मोजणाऱ्या संवेदकाच्या) नोंदींवरून हात किती खाली गेला याचे गणित केले जाते. रुग्ण मऊ गादीवर असेल तर मात्र फसगत होते. छातीबरोबर गादीही दबते आणि चकती दोन्ही मिळून मोजते, म्हणून पडद्यावर ‘पुरेसे’ दिसत असताना प्रत्यक्ष दाब कमी पडतो. पाठीखाली फळी ठेवली तरी ही चूक पूर्णपणे जात नाही. काही उपकरणे पाठीखालच्या पट्टीशी चुंबकीय क्षेत्राद्वारे अंतर मोजून यातून वाट काढतात. नुसता ताल देणारा मेट्रोनोम गती सांभाळतो. खोलीबद्दल तो काहीच सांगत नाही.

दाब सुधारतो, पण माणूस वाचतो का? अमेरिका-कॅनडातील १,५८६ रुग्णांच्या चाचणीत (२०११) प्रतिसादामुळे सरासरी खोली ३८ वरून ४० मिमीवर गेली. हृदय पुन्हा सुरू होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. दोन मिलिमीटरांकडून याहून जास्त अपेक्षा करणेच चूक. उलट इराणमधील अतिदक्षता विभागांतल्या ९०० रुग्णांच्या चाचणीत (२०१९) दाब पुरेसा होताच ‘टक्’ असा आवाज करणारे साधे साधन वापरले गेले. घरी परतणाऱ्यांचे प्रमाण २८.४ वरून ५४ टक्क्यांवर गेले. हे आकडे इतर ठिकाणच्या अनुभवाच्या मानाने फारच चांगले आहेत, त्यामुळे ते जपून वाचावेत.

प्रशिक्षणातील उपयोगाबद्दल असा वाद नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने ३१ जानेवारी २०१९ पासून प्रौढांच्या सीपीआर अभ्यासक्रमात प्रतिसाद देणारे साधन किंवा तशी सोय असलेला पुतळा अनिवार्य केला.

श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक प्रतिसाद मिळतो, तो शरीराकडूनच. उच्छ्वासाच्या शेवटी कार्बन डायऑक्साइडचा दाब १० मिमी पाऱ्याखाली रेंगाळत असेल, तर छाती दाबण्यात सुधारणा हवी. तो एकदम ४० च्या आसपास चढला, तर हृदय बहुधा पुन्हा चालू झालेले असते.